भरलेली गाडी कोणत्या बाजूला जाते?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गाड्या रांगेला लागल्या की मालक-ड्रायव्हरांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो: पेट्रोलचा छोटा हत्ती काढून डिझेलची पिकअप घ्यावी का? मी हा प्रश्न बरेच महिने डोक्यात घोळवला, वहीत आकडे मांडले आणि शेवटी डिझेल पिकअप घेतली. पेट्रोलची गाडी विकली नाही. ती धाकट्या भावाच्या रोपवाटिकेच्या कामाला आहे. दोन्ही गाड्या एकाच अंगणात उभ्या राहतात, त्यामुळे दोन्हींचा खर्च रोज डोळ्यांसमोर असतो.

जुन्नर तालुक्यातली वावरं, नारायणगावचा बाजार आणि माळशेज उतरून वाशीचं मार्केट, एवढाच माझा पट्टा. जे सांगतो ते या पट्ट्यातलं आहे. पिकअप घेतल्याचं मला समाधान आहे, पण ती घ्या म्हणून लोकांनी जी कारणं सांगितली होती त्यातली निम्मी माझ्या हिशेबात टिकली नाहीत. जी टिकली ती वेगळीच निघाली.

१. पंपावरचा फरक पूर्वीचा राहिलेला नाही

आमच्या आण्णांच्या पिढीनं डोळे झाकून डिझेल घेतलं, आणि त्यांचं बरोबर होतं. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होतं आणि डिझेल ४१ च्या आत. लिटरमागे बत्तीस रुपये! पेट्रोलचे भाव सरकारनं जून २०१० मध्ये मोकळे केले होते, डिझेलचे मात्र हातात ठेवले होते. जानेवारी २०१३ पासून महिन्याला पन्नास-पन्नास पैसे वाढवत तो फरक कमी करत आणला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं. २०२५ साली आमच्याकडे पेट्रोल १०४ च्या आणि डिझेल ९१ च्या आसपास होतं. म्हणजे फरक तेरा रुपयांचा. तेरा रुपये काही थोडे नाहीत, पण "डिझेल म्हणजे अर्ध्या भावात गाडी" हे आण्णांचं वाक्य आता वहीत बसत नाही.

डिझेलचा जो फायदा सरकार बदलू शकत नाही तो इंजिनात आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं, एका लिटरमध्ये दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिन हवा कितीतरी जास्त दाबतं, त्यामुळे त्याच ऊर्जेतून जास्त काम निघतं. उद्या दोन्हींचे भाव एक झाले तरी हा फायदा राहील. निर्णयाचा पाया धरायचा तर हा धरावा. भाव उद्या कुठं असतील ते आपल्या हातात नाही.

२. डिझेलची बचत आणि हौद्याची बचत वेगवेगळी मांडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर धुराचे बीएस-६ नियम आले आणि छोट्या गाड्यांचं गणित बदललं. डिझेलचा धूर स्वच्छ करायची यंत्रणा महाग असते. छोट्या, स्वस्त गाडीवर तो खर्च चढवणं कंपन्यांना परवडेना. मारुतीनं तर त्याच तारखेपासून डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. टाटा एस, म्हणजेच छोटा हत्ती, २००५ मध्ये आली ती डिझेलवर, बीएस-६ मध्ये तिला पेट्रोल इंजिनही मिळालं. त्यामुळे आज आमच्याकडे पेट्रोल सोडून डिझेलकडे जाणारा माणूस बहुतेक वेळा एक माप मोठी गाडीही घेत असतो. इंधन आणि माप, दोन्ही एकदम बदलतं, आणि सगळं श्रेय डिझेलला जातं.

माझ्या वहीतला हिशेब असा. पेट्रोलचा छोटा हत्ती पासिंगप्रमाणे ७५० किलो नेतो. टोमॅटोचं क्रेट प्लास्टिकसकट बावीस किलो धरलं तर चौतीस क्रेट. भरलेल्या गाडीला चौदाचा अ‍ॅव्हरेज, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपयांच्या जरा आत. दीड टनाची डिझेल पिकअप अडुसष्ट क्रेट नेते. तिला बाराचा अ‍ॅव्हरेज धरला तर किलोमीटरला साडेसात रुपयांच्या जरा वर. दोन्ही गाड्यांचा किलोमीटरचा खर्च जवळजवळ एकच! एकशेसाठ किलोमीटरच्या एका बाजूच्या प्रवासाला दोघींनाही बाराशे रुपयांच्या आसपास इंधन लागतं. पण ते चौतीस क्रेटवर वाटलं तर क्रेटमागे पस्तीस रुपये येतात, अडुसष्टवर वाटलं तर अठराच्या आत.

ही बचत हौद्याची आहे. अडुसष्ट क्रेट भरत असतील तरच ती मिळते. त्याच पिकअपमध्ये चौतीस क्रेट टाकून वाशीला गेलो तर क्रेटमागे पुन्हा पस्तीस रुपयेच पडतात, आणि वर हप्ता, विमा, टायर मोठ्या गाडीचे.

म्हणून मी आधी मागच्या हंगामाची वही काढली. किती वेळा माल मागं राहिला, किती वेळा दुसरी गाडी भाड्यानं लावावी लागली, किती वेळा हौदा अर्धा रिकामा गेला, हे पाहिलं. उन्हाळी टोमॅटोच्या तोडणीत माल मागं राहत होता, हे स्पष्ट दिसलं. पावसाळ्यात कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांचं उलटं होतं. जुड्या हलक्या, पण जागा फार खातात, आणि दाबून रचल्या तर वाशीला पोचेपर्यंत तापून पिवळ्या पडतात. तिथं इंजिनाच्या ताकदीचा काही उपयोग नव्हता, लांब-रुंद हौदा हवा होता. हीसुद्धा पिकअपच्या बाजूची गोष्ट निघाली, पण तिचा डिझेलशी काही संबंध नाही.

३. भरलेली गाडी कोणत्या बाजूला जाते ते पाहा

"घाट आहे, डिझेलच पाहिजे." हे मला प्रत्येकानं सांगितलं. मी माळशेज घाट डोळ्यांसमोर आणला आणि थांबलो. आमचा माल ओतूरवरून घाट उतरून मुरबाड-कल्याणकडे जातो. टोमॅटो भरलेली गाडी घाट उतरते, आणि रिकामी क्रेट घेऊन चढते. चढाला मला ताकद लागतच नव्हती! उतरताना लागत होता तो ब्रेक.

आणि उतारावर डिझेलचं अंग वेगळं असतं. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची वाट बंद होते. इंजिन बंद वाटेतून हवा ओढायचा प्रयत्न करतं आणि त्या ओढीनं गाडी धरली जाते. डिझेल इंजिनाला अशी हवा अडवून चालवायची पद्धत नाही. ते हवा दाबतं खरं, पण दाबलेली हवा पुन्हा पिस्टनला खाली ढकलते. त्यामुळे सारख्या मापाची इंजिनं घेतली तर उतारावर पेट्रोल इंजिन गाडी जास्त धरून ठेवतं. मोठ्या ट्रकांना म्हणूनच वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. पिकअपचं इंजिन मोठं आणि खालच्या गिअरची पकड चांगली, त्यामुळे बरीचशी भरपाई होते. तरी दुप्पट वजन मागून ढकलत असतं हे विसरून चालत नाही.

नव्या ड्रायव्हरला मी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगतो. ज्या गिअरमध्ये हा घाट भरून चढवला असता त्याच गिअरमध्ये तो उतरवायचा. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, कधीही नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की आताची इंजिनं इंधन पूर्ण तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलनं डिझेलही वाचत नाही आणि जिवावरही बेततं. कुणी चावीच बंद केली तर ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात जाते आणि पाय टाकला तरी पेडल दगडासारखं लागतं. पावसाळ्यात माळशेजमध्ये धुकं इतकं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे अगदी जवळ गेल्यावर दिसतात, रस्त्यावर दरडीचे दगड आलेले असतात. तिथं ब्रेक तापवून ठेवलेली गाडी कुणाच्याही उपयोगाची नसते.

मग मी डिझेल का घेतलं? परतीच्या भाड्यामुळे. भिवंडीच्या गोदामांतून आमच्या बाजारपेठेतल्या दुकानांना माल येतो, आणि एका हुंडेकऱ्यानं तो नियमित द्यायची तयारी दाखवली. तो माल घाट चढतो. छोट्या पेट्रोल गाडीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची ओढ ५५ न्यूटन-मीटरची, पिकअपची दोनशेच्या आसपास, आणि तीसुद्धा कमी फेऱ्यांवर मिळणारी. पेट्रोलची गाडी क्वचित कधी भरून माळशेज चढवताना पहिला-दुसरा गिअर सुटत नव्हता, इंजिन ओरडत राहायचं आणि वर पोचेपर्यंत क्लच प्लेटचा वास यायचा. पिकअप तोच चढ शांतपणे ओढते. परतीचं भाडं नसतं तर घाटाच्या नावाखाली डिझेल घ्यायला माझ्याकडे कारण नव्हतं.

४. वर्षाचे किलोमीटर काढा, मग हप्ता

एकाच मापाच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत समजा दीड लाखाचा फरक आहे आणि डिझेलनं किलोमीटरला दोन रुपये वाचतात. तर पंचाहत्तर हजार किलोमीटर झाल्यावर फरक फिटतो. वर्षाला पन्नास हजार चालणाऱ्याला दीड वर्ष, पंधरा हजार चालणाऱ्याला पाच वर्षं. त्यात डिझेलची सर्व्हिस महाग. मोठ्या इंजिनाला ऑइल दुपटीहून जास्त लागतं, डिझेल फिल्टर वेळेवर बदलावाच लागतो, इंजेक्टरचं काम निघालं तर एकदम मोठा आकडा समोर येतो. कमी चालणाऱ्यासाठी पाचाची सहा वर्षं सहज होतात.

आणि किलोमीटर काढताना तेजीचं वर्ष धरू नये, हे मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे. २०२३ च्या जुलैत नारायणगावात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. आमच्या भागात त्या दिवसांत नव्या गाड्या दारात येऊ लागल्या. काही आठवड्यांत भाव कोसळला. गाडीवाल्याला भाव पडल्याची झळ वेगळ्या वाटेनं बसते. आपलं भाडं क्रेटवर ठरलेलं असतं, त्यात फार फरक पडत नाही. पण तोडणीची मजुरी सुटेना झाली की शेतकरी तोडाच थांबवतो, माल झाडावर लाल होऊन गळतो आणि गाडी आठवडाभर उभी राहते. हप्ता उभा राहत नाही. मी गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात मंद वर्ष धरलं, त्या वर्षाचे किलोमीटर घेतले आणि तेवढ्यात हप्ता निघतो का ते पाहिलं. परतीचं भाडं धरून निघत होता, न धरता निघत नव्हता.

५. बांधाबांधावर थांबणाऱ्या गाडीला डिझेल मानवत नाही

रोपवाटिकेची गाडी पेट्रोलवर का ठेवली, याचं उत्तर एका सकाळी मेस्त्रींच्या गॅरेजात मिळालं. शेजारच्या गावातल्या एका दूधवाल्याची बीएस-६ डिझेल गाडी तिथं आली होती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, गाडी दम धरत नव्हती. मेस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढली, फडक्यानं पुसली, परत घातली आणि काढून माझ्यापुढे धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं होतं.

"भाऊ, यानं ऑइल टाकलेलं नाही. तरी वाढलंय. वास घ्या."

मी बोटावर घेतलं. ऑइल चिकट लागायचं ते पाण्यासारखं पातळ लागत होतं आणि डिझेलचा वास सरळ नाकात येत होता.

त्यांनी समजावलं ते असं. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते. त्यासाठी जाळी साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावी लागते, आणि ती तापवायला बऱ्याच गाड्यांत इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. गाडी हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालली की काम पूर्ण होतं. पण दर अर्ध्या किलोमीटरला थांबणारी, कॅन उचलला की चावी बंद करणारी गाडी ते काम दर वेळी अर्धवट सोडते. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि टर्बो खराब व्हायला लागतात, आणि जाळी तुंबते ती वेगळीच.

दूधवाल्याचा काही दोष नव्हता. त्याच्या कामाला ती गाडी योग्य नाही, हे विकताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि याचा मला आजही राग येतो. चार-पाच हजारांसाठी घासाघीस करणाऱ्या माणसाला विक्रेता ताडपत्री फुकट देतो, सीटकव्हर देतो, पण "तुमची गाडी दिवसातून किती वेळा बंद-चालू होते?" एवढा एक प्रश्न विचारत नाही.

भावाची गाडी रोपांचे ट्रे घेऊन निघते. या बांधावर वीस ट्रे, त्या वस्तीवर पंचवीस. माल हलका, अंतर कमी, थांबे असंख्य. ती गाडी पेट्रोलवरच राहणार. माझी पिकअपही तोडणीच्या वेळी वावरातून क्रेट गोळा करते, पण रात्री ती वाशीच्या रस्त्याला लागते आणि जाळीला तिची लांब धाव मिळते. दिवा लागलाच तर ड्रायव्हरनं गाडी बंद न करता आळेफाट्याच्या रस्त्यावर चांगली पळवून आणायची, असं आमच्यात ठरलेलं आहे.

६. डिझेलला पाणी आणि भेसळ सोसत नाही

जुनी डिझेल इंजिनं काहीही पचवायची, अशी आण्णांची आठवण. ती त्या इंजिनांबद्दल खरी आहे. आता डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबानं केसाएवढ्या भोकांतून फवारलं जातं, आणि तो दाब देणाऱ्या पंपाला वंगण मिळतं ते त्याच डिझेलचं. त्यात पाण्याचा थेंब किंवा रॉकेल गेलं की पंप घासला जातो. म्हणून पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढायचं आणि तळाला पाणी बसतंय का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. हायवेच्या कडेला टँकर लावून स्वस्त "बायोडिझेल" विकणारे भेटतात, त्यांच्याकडे गाडी वळवायचीच नाही. लिटरमागे वाचणारे दहा-पंधरा रुपये इंजेक्टरच्या एका बिलात निघून जातात.

घरात दोन्ही इंधनांच्या गाड्या असतील तर आणखी एक धोका. डिझेलच्या टाकीत पेट्रोल पडलं तर चावी फिरवायचीच नाही, ऑनच्या खुणेपर्यंतसुद्धा नाही, कारण तेवढ्यानं टाकीतला पंप सुरू होऊन पेट्रोल पुढं ढकलू शकतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करा. आमच्या पिकअपच्या टाकीच्या झाकणावर भावानं लाल ऑइलपेंटनं "डिझेल" लिहून ठेवलंय. पंपावरचा पोरगा नवा असला तरी त्याला ते दिसतं.

७. पेट्रोलही बदललंय

२०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. माझा ऊसही साखर कारखान्याला जातो, तेव्हा इथेनॉलचे पैसे फिरून आपल्याच भागात येतात, हे मी जाणतो आणि मला ते धोरण मान्य आहे. पण गाडीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मूळ निव्वळ पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीला वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्के अ‍ॅव्हरेज कमी मिळेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं. वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांना ही घट एक-दोन टक्क्यांचीच. तेव्हा जुन्या पेट्रोल गाडीचा जुना अ‍ॅव्हरेज धरून तुलना करू नये. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर टाकी फुल्ल करून, संपवून, परत फुल्ल करून काढलेला आकडाच वहीत लिहावा.

८. सीएनजीचं थोडक्यात

सीएनजीवर किलोमीटरचा खर्च कमी येतो, यात शंका नाही. पण टाक्यांचं वजन पासिंगच्या मालातून जातं, चढाला ताकद पेट्रोलपेक्षाही कमी मिळते, आणि पंपावर रांग असते. टोमॅटो भरलेला असताना, वाशीला पहाटेच्या विक्रीआधी गाळ्यावर पोचायचं असताना, रांगेत उभं राहणं मला जमणारं नव्हतं. शहरात दिवसभर फिरणाऱ्या, पंप जवळ असणाऱ्या गाडीवाल्यानं मात्र डिझेलच्या आधी सीएनजीचा विचार करावा.

९. कागदावरचं वजन वाचा

मोटार वाहन कायद्यानुसार मालासकट एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात आरामात बसतो. मोठी पिकअप घेताना मात्र तिचं एकूण वजन या रेषेच्या आत आहे की बाहेर ते आधी बघावं. एकाच नावाच्या गाडीचे प्रकार रेषेच्या दोन्ही बाजूंना असू शकतात, आणि दोनशे किलो जास्त माल नेण्याच्या हौसेपायी परमिटचं काम मागं लागतं. ड्रायव्हरच्या लायसनची चिंता आता कमी झाली आहे. साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

ओव्हरलोडबद्दल स्पष्ट बोलतो. डिझेलची ओढ मोठी असते, त्यामुळे दोन टन टाकले तरी गाडी कुरकुर न करता निघते, आणि हाच मोह वाईट. इंजिन ओढतं म्हणून पाटे, टायर आणि ब्रेकही तेवढं पेलतात असं नाही. कायद्यात ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. दंड भरता येतो. माळशेजच्या वळणावर ब्रेक लागला नाही तर भरायला काही उरत नाही.

१०. ट्रायल भरलेल्या गाडीची घ्या

शोरूमवाला रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणतो. त्यातून काहीच कळत नाही. मी ओळखीच्या एका पिकअपवाल्याला एका रात्री विनंती केली, त्याच्या गाडीत आमचा माल भरला आणि त्याच्या शेजारी बसून वाशीपर्यंत गेलो. येताना भिवंडीहून माल घेऊन त्यानं घाट चढवला. बाराचा अ‍ॅव्हरेज मला तिथं कळला, माहितीपत्रकातला आकडा त्याहून बराच मोठा होता. आमच्या वस्तीकडच्या अरुंद वळणावर ती लांब गाडी एका दमात वळत नाही, दोनदा मागं-पुढं करावी लागते, हेही तिथंच कळलं. त्या फेरीचं डिझेल आणि जेवण मी दिलं. गाडी घ्यायच्या विचारात असणाऱ्या कुणालाही मी हेच सांगतो: आपला माल, आपला रस्ता आणि कुणाची तरी गाडी, अशी एक रात्र काढा. हौदा रिकामा झाला की ड्रायव्हरला विचारा, गेल्या वर्षी गाडीवर कुठकुठले खर्च निघाले. तो हिशेब कागदावर उतरवून घ्या, आणि मगच बुकिंगचा चेक लिहा.